गंजीफ्रॉकच्या पूर्वजाची लोकर: पाचपेडी गॅन्झीचा कोन आणि त्यावर देवनागरी आद्याक्षरं

दोरीवर वाळत असलेला गंजीफ्रॉक हा मुळात इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाचा. ‘गर्न्सी फ्रॉक’ म्हणजे खलाशांचा लोकरीचा, अंगाला घट्ट बसणारा विणलेला सदरा. आपल्याकडे पोचेपर्यंत त्याचं सुती बनियन झालं. शेजारच्या जर्सी बेटाच्या नावाने तर आपण गायही ओळखतो आणि क्रिकेटवाल्यांचा शर्टही. ब्रिटनच्या किनाऱ्यावर, यॉर्कशरपासून स्कॉटलंडपर्यंत, त्या मूळ कपड्याला अजूनही गॅन्झी म्हणतात: एकाच रंगाचा, कुठेही शिवण नसलेला आणि खालच्या पट्टीच्या जरा वर, पोटाच्या एका बाजूला, घालणाऱ्याची आद्याक्षरं उलट (‘पर्ल’) टाक्यांनी विणलेली.

हे परीक्षण त्या लोकरीचं आहे. कॉर्नवॉलच्या फ्रँजिपॅनी कंपनीचा पाचपेडी गर्न्सी लोकरीचा ५०० ग्रॅमचा कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेला गुंडा, त्याला लागणाऱ्या सुया आणि नवशिक्याला यावर स्वतःच्या नावाचा स्वेटर जमेल का, हा प्रश्न. उत्तर आधीच सांगून टाकतो: लोकर अव्वल, काम लांबलचक आणि देवनागरी अक्षरं तिच्यावर रोमन अक्षरांइतकीच छान उठतात. मात्र दोन गोष्टी माहीत नसतील तर अक्षरं बुटकी आणि पुसट येतात. त्या दोन गोष्टी पुढे सविस्तर आहेत.

कोन हातात घेतल्यावर पहिल्यांदा वाटतं, ही लोकर की सुतळी? शंभर टक्के लोकर, पाच पेड, कडक पीळ, १०० ग्रॅमला साधारण २२० मीटर. बाळाच्या टोपड्यासाठी घेतलेल्या मऊ लोकरीची सवय असलेल्या बोटांना ती रुक्ष लागते. हा रुक्षपणाच तिचं काम करतो. गॅन्झीत दुसरा रंग नसतो, नक्षी दिसते ती फक्त उजेड-सावलीने. मऊ, लवदार लोकरीत टाके एकमेकांत मिसळतात आणि नक्षी धुक्यात जाते. इथे प्रत्येक टाका सुटा दिसतो, उलट टाका मण्यासारखा वर येतो. शिवाय इंचाला आठ टाके इतकं घट्ट विणलं की वारा आत शिरायला जागा उरत नाही, आणि समुद्रावर घालायचा कपडा म्हणून तेच हवं होतं.

दुसरी बाजूही आहे. गळ्याशी टोचते. दोन-चार धुण्यांनंतर बरीच निवळते, पण मऊ मेरिनो लोकरीसारखी कधीच होत नाही. आत कॉलरचा शर्ट घालणं हा सरळ उपाय. आणि फार अणकुचीदार सुई वापरली तर पेड फाटतात, टाक्यातले तीन पेड सुईवर आणि दोन खाली लोंबतात. हे लगेच दिसत नाही, दहा फेऱ्या वर गेल्यावर नखाएवढा फास दिसतो.

एक कोन पुरतो का? दुकानातल्या उत्तरापेक्षा हिशोब करा. छाती ३६ इंच, त्यावर दोन इंच मोकळीक, म्हणजे घेर ३८. इंचाला आठ टाके धरले तर ३०४ टाके. अंगाचा भाग काखेपर्यंत १५ इंच, इंचाला १२ फेऱ्यांनी १८० फेऱ्या. वरचे दोन्ही भाग आणि दोन्ही बाह्या मिळवल्या की स्वेटर सव्वा लाख टाक्यांच्या आसपास जातो. आधी विणून पाहिलेल्या नमुन्याच्या तुकड्यातले १०० टाके उसवून धागा मोजा, साधारण ९० सेंटिमीटर भरतो. सव्वा लाख टाक्यांना झाला ११२५ मीटर. कोनात आहेत ११००. म्हणजे ३८ घेराला एक कोन काठावर नापास. दुसरी बाही मनगटाशी आली आणि लोकर संपली, ही या कामातली सगळ्यात वाईट वेळ. दुसरा कोन घ्यायचा असेल तर पहिल्याबरोबरच घ्या आणि रंगाचा लॉट क्रमांक तोच आहे ना ते पाहा. वेगळा लॉट दुकानात सारखाच दिसतो, अंगावर उन्हात पट्टा मारतो.

वेळेचाही अंदाज यातच निघतो. मिनिटाला २५ टाके या गतीने सव्वा लाख टाके म्हणजे ८३ तास. रोज एक तास बसलात तर जवळपास तीन महिने, तेही न उसवता. हिवाळ्यासाठी हवा असेल तर सुया पावसाळ्यातच हातात घ्या.

भारतातून मागवायचा तर टपालखर्च आणि कस्टम्स धरून भाव अंगावर येतो. म्हणून ‘इथलीच लोकर चालेल का’ हे ओघाने येतंच. इथल्या दुकानात लोकर म्हणून मिळणारे बहुतेक गुंडे अॅक्रिलिकचे असतात. शंका आली तर बोटभर धागा चिमट्यात धरून जाळा: खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटांत चुरते, अॅक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो. अॅक्रिलिकवर हात बसवायला हरकत नाही, सरावाची मनगटपट्टी त्यावरच करा. पण इतक्या घट्ट विणीत ते पुठ्ठ्यासारखं ताठतं, आणि धुऊन, ताणून, सुकवून टाके एकसारखे बसवण्याची लोकरीत जी सोय असते ती त्यात नाही. सुती धाग्याचा तर विचारही नको. त्याला लवचिकता नाही, एवढा जड कपडा महिन्याभरात गुडघ्याकडे निघतो. आणि मुंबई-कोकणात घालायला म्हणून हा स्वेटर विणू नका. हा लंडन, टोरंटो, फार तर आपल्या हिमालयातल्या सहलीचा कपडा आहे.

सुया २.२५ मिलिमीटरच्या. जुनी पद्धत लांब पोलादी दुटोकी सुयांची, पाचांचा संच: चारांवर टाके, पाचवीने विणायचं. वेग त्यातच आहे, कारण उजवी सुई कमरपट्ट्यात खोचून स्थिर ठेवता येते. नवशिक्याने मात्र ८० सेंटिमीटर केबलची गोलाकार सुई घ्यावी आणि बाह्यांसाठी २० सेंटिमीटरच्या दुटोकी पाच सुया. भारतातल्या निटप्रोच्या धातूच्या सुया या मापात मिळतात आणि या लोकरीला धातूच हवा. बांबूवर घट्ट टाका सरकत नाही, अडतो. दुटोक्या सुयांवर दोन सुयांच्या सांध्यात टाके सैल पडून शिडीसारखी उभी फट दिसते. दर फेरीत सांधा दोन टाक्यांनी पुढे ढकलला की ती नाहीशी होते.

आता नमुना. दोन सुयांवर चौकोन विणून माप घेणं इथे फसवं, कारण अंग गोल विणायचं आहे. गोलात सगळ्या फेऱ्या सुलट (‘निट’) असतात, सपाट विणताना एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट. बहुतेकांचा उलट टाका जरा सैल पडतो. म्हणून ६४ टाक्यांची मनगटपट्टी गोल विणा, धुवा, सुकवा आणि मग मधल्या चार इंचांत मोजा. ३२ टाके आणि ४८ फेऱ्या आल्या तर वरचा हिशोब जसाच्या तसा वापरा. ३० टाके आले तर तोच ३०४ टाक्यांचा स्वेटर ३८ ऐवजी साडेचाळीस इंच होईल. मग २ मिलिमीटरची सुई घ्या, आकड्यांशी झटापट करू नका.

खालची पट्टी दोन सुलट, दोन उलट. टाके घालताना धागा दुहेरी घ्या, ही कड सगळ्यात जास्त घासली जाते. अंगापेक्षा दहा टक्के कमी, म्हणजे २७२ टाके घाला. दर ३४ टाक्यांनी खुणेचा दोरा अडकवला तर मोजणी आठ घरांत होते आणि २७२ की २७१ हा वाद राहत नाही. फेरी जोडताना कड पिळली गेली तर पूर्ण स्वेटरला एक वेढा बसतो, आणि त्याला उसवण्याशिवाय औषध नाही. पहिल्या तीन ओळी सपाट विणून मग जोडा, पीळ डोळ्यांना दिसतो. उरलेली पाव इंचाची चीर शेवटी सुईने शिवून टाका. तीन इंच पट्टी झाली की एकाच फेरीत आळीपाळीने ८ आणि ९ टाक्यांनंतर एकेक टाका वाढवा, ३२ वाढून बरोबर ३०४ होतात. दोन्ही कुशींना एकेक टाका कायम उलट विणायचा. ही खोटी शिवण. तिच्यावरून डावी-उजवी बाजू कळते आणि पुढची सगळी मोजणी तिथूनच होते.

इथून अक्षरं सुरू.

पहिली गोष्ट, टाका चौरस नसतो. इंचात आठ टाके आणि बारा फेऱ्या, म्हणजे टाका रुंद आणि बुटका. चौकटीच्या वहीत १२ बाय १२ मध्ये सुबक काढलेला ‘म’ विणल्यावर दीड इंच रुंद आणि एक इंच उंच येतो, कुणीतरी डोक्यावर बसल्यासारखा. दीड इंची चौकोनी अक्षरासाठी १२ टाके आणि १८ फेऱ्या घ्या. ‘र’ ची किंवा ‘प्र’ मधली तिरकी रेघ पंचेचाळीस अंशात हवी असेल तर दर दीड फेरीला एक टाका सरकवायचा, म्हणजे आळीपाळीने एक आणि दोन फेऱ्या.

दुसरी गोष्ट रोमन अक्षरांचे नमुने वापरणाऱ्यांनाही उशिरा कळते. सुलट पृष्ठावर उलट टाक्यांची आडवी रेघ वर उठते, पण उलट टाक्यांची उभी रेघ आत बुडते. शिरोरेषा त्यामुळे आपोआप सुंदर येते, दोन फेऱ्या उलट विणल्या की ओठासारखी कड उठते. पण काना बुडतो. लांबून बघणाऱ्याला शिरोरेषा आणि तिच्याखाली काहीतरी खरचटल्यासारखं दिसतं. म्हणून उभी रेघ कधीही नुसत्या उलट टाक्यांची करू नका. ती दोन टाके रुंद घ्या आणि दाणेदार करा: एका फेरीत एक सुलट एक उलट, पुढच्या फेरीत त्याच्या वर उलट आणि मग सुलट. मग ती बुडत नाही.

‘म’ च घ्या. टाके उजवीकडून मोजा, कारण विणताना तसेच येतात. काना टाका २-३ वर, फेरी १ ते १६, दाणेदार. डावी उभी रेघ टाका ९-१० वर, फेरी १० ते १६, तीही दाणेदार. तिच्या पायाशी गाठ, टाका ९ ते १२, फेरी ५ ते ९, सगळी दाणेदार भरलेली. पोकळ ठेवायला जागाच नाही. गाठीपासून कान्यापर्यंतची आडवी रेघ टाका ४ ते ८, फेरी ७ आणि ८, निव्वळ उलट. आणि फेरी १७-१८ ला बाराही टाके उलट. लिहिताना शिरोरेषा शेवटी, विणतानाही शेवटी. रोमन लिपीला हे सुख नाही.

दिशेचा घोळ इथेच होतो. विणकाम खालून वर आणि उजवीकडून डावीकडे चालतं. तक्ता वाचण्याच्या सवयीने डावीकडून वाचला तर अक्षर आरशातलं येतं. फेरीची सुरुवात घालणाऱ्याच्या डाव्या कुशीला ठेवली, तर खोट्या शिवणीनंतर १० टाके साधे विणून पहिल्यांदा आडनावाचं अक्षर येतं, मग वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचं आणि शेवटी स्वतःचं. तीन अक्षरांना ३६ टाके आणि मधल्या दोन मोकळ्या जागांना चार-चार, म्हणजे ४४ टाके, साडेपाच इंच. आपली आद्याक्षरं नुसती व्यंजनं नसतात, विनायकचा ‘वि’ होतो ‘व’ नाही, म्हणून वेलांटीसाठी शिरोरेषेच्या वर सहा फेऱ्या मोकळ्या ठेवा. उकार असेल तर तोच सगळ्यात आधी विणला जातो, त्यासाठी खाली सहा. शिरोरेषा तिन्ही अक्षरांवर सलग ओढायची की तुटक, हा चवीचा प्रश्न. सलग रेघ दिसते झकास, पण ती शब्द वाचली जाते. आद्याक्षरांना तुटकच बरी. ग, न, त, प, म, स सोपी. ह, झ, ळ, ज्ञ यांना १२ टाके पुरत नाहीत, १६ टाके आणि २४ फेऱ्या घ्या आणि मग बाकीची अक्षरंही त्याच मापात वाढवा.

अक्षरांवर एवढा भर देण्याचं कारण आहे. गॅन्झीबद्दल सगळीकडे एक गोष्ट सांगितली जाते: गावागावाची नक्षी वेगळी आणि बुडालेला माणूस किनाऱ्याला लागला की नक्षीवरून त्याचं गाव ओळखायचं. ऐकायला काळजाला भिडते, पण जपून घ्यावी. हेरिंग माशांचा हंगाम उत्तरेच्या शेटलंड बेटांपासून खाली इंग्लंडच्या यारमथपर्यंत सरकायचा आणि मासे साफ करणाऱ्या बायका त्याच्या मागोमाग बंदरं बदलायच्या. फावल्या वेळात हातात सुया असायच्या, एकमेकींच्या नक्षी उचलल्या जायच्या. फायली, फ्लॅम्बरा, शेरिंगम ही गावं आणि एरिस्के बेट यांच्या आवडी वेगळ्या दिसतात हे खरं. एरिस्केची नक्षी तर जवळजवळ शालीसारखी भरगच्च. पण गावाचा शिक्का म्हणण्याइतकं ते बंदिस्त नव्हतं. माणसाची खात्रीची ओळख म्हणजे त्याची आद्याक्षरं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी शेरिंगम म्युझियममधल्या किंवा अँस्ट्रथरच्या स्कॉटिश फिशरीज म्युझियममधल्या जुन्या गॅन्झी जवळून बघाव्यात. फोटोत टाक्यांचा उठाव कळत नाही.

छातीवरच्या नक्षीत पहिल्यांदा शिडी, चौकडी आणि नागमोडी रेघ एवढंच ठेवा. नागमोडीला तिकडे ‘मॅरेज लाइन्स’ म्हणतात, संसारातले चढउतार. दोर (‘केबल’, टाके एकमेकांवरून ओलांडून केलेला पीळ) विणायचा मोह झाला तर प्रत्येक सहा टाक्यांच्या दोरामागे एक-दोन टाके जास्त धरा, नाहीतर दोर कापड आत खेचतो आणि छाती आवळते.

काखेतली कळी, म्हणजे हात हलायला ठेवलेला जादा तुकडा, हा गॅन्झीचा खरा शहाणपणा. तीच नसेल तर हात वर करताच पूर्ण स्वेटर पोटावरून वर सरकतो. काखेच्या तीन इंच अलीकडे खोट्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना दर चौथ्या फेरीला एकेक टाका वाढवा. ३६ फेऱ्यांत नऊ वेळा, मूळ एक आणि अठरा मिळून १९ टाके. ते दोऱ्यावर ओवून ठेवा. आता पुढचा आणि मागचा भाग १५१-१५१ टाक्यांवर सपाट विणायचे, आठ इंच, ९६ ओळी. इथे उलट ओळीचा तो सैलपणा उगवतो. इंचाला आठऐवजी पावणेआठ पडले तरी छातीचा भाग अर्धा इंच फुगतो आणि काखेच्या वर पोटली दिसते. उलट ओळी २ मिलिमीटरच्या सुईने विणा. खांदे ५० टाक्यांचे, गळा ५१ चा. दोन्ही खांदे तिसऱ्या सुईने एकत्र विणून बंद करा. पुढचा आणि मागचा भाग सारखाच असल्यामुळे स्वेटर उलटा फिरवूनही घालता येतो आणि कोपर-पोट एकाच बाजूने झिजत नाही. अर्थात मग नाव पाठीवर जातं.

बाही खांद्याकडून मनगटाकडे. मुंढ्याच्या कडेला प्रत्येक तीन ओळींमागे दोन टाके उचला, एका बाजूने ६४, दोन्ही मिळून १२८, आणि कळीचे १९. तीन ओळींमागे तीन उचलले तर मुंढा झालरीसारखा लाटा मारतो. कळी चढवली तशीच दर चौथ्या फेरीला उतरवा. मग दर पाचव्या फेरीला दोन टाके कमी, २६ वेळा, ७७ उरतील. पुढच्या फेरीत १३ कमी करून ६४ वर आणा आणि तीन इंच पट्टी.

रंगाबद्दल एकच आग्रह: पहिली गॅन्झी गडद निळ्यात विणू नका. परंपरा त्याच रंगाची आहे, दिसतोही रुबाबदार, पण ट्यूबलाइटखाली त्यात सुलट-उलट ओळखता येत नाही आणि सुटलेला टाका सकाळी सापडतो. राखाडी, मळकट निळा किंवा फिका हिरवा घ्या. अक्षरंही त्यात दुरून वाचता येतात. गडद रंग घेतलाच तर पहिल्या दोन धुण्यांत पाण्यात रंग उतरला म्हणून घाबरू नका, पण पांढऱ्या कपड्यांबरोबर भिजवू नका.

धुणं कोमट पाण्यात, न चोळता. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढायचं आणि सपाट अंथरून सुकवायचं. दोरीवर टांगला तर बाह्या गोरिलासारख्या होतात. पावसाळ्यात खऱ्या लोकरीला कसर लागते, अॅक्रिलिकला लागत नाही, म्हणून सवय नसते. धुऊन पूर्ण वाळवलेला स्वेटर बंद पिशवीत ठेवा. घामाच्या डागावर कसर आधी बसते.

कोनातली शेवटची ५० ग्रॅम लोकर मोज्यांत घालवू नका. बाही वरून खाली विणण्याचं कारणच हे, की झिजते ती मनगटाची पट्टी. ती शेवटच्या टोकाकडून उसवता येते, ६४ टाके परत सुईवर घेता येतात आणि त्याच लॉटच्या लोकरीने नवी तीन इंच विणून होते.